व्याख्यान नंतर ठेवा, आधी कटिंगची वेळ बघा

प्रश्न : मी अडतीस वर्षांची आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. साठेक माणसं आहेत, त्यात बायकाच जास्त. बहुतेक जणी पीसवर, म्हणजे जितके नग शिवले तितके पैसे, असं काम करतात. यंदा एप्रिलपासून ऑर्डरची फार घाई झाली. दोन महिन्यांत चार चांगल्या कारागीर बायका काम सोडून गेल्या. जूनमध्ये एक जण मशीनवर बसल्या बसल्या रडायला लागली. हातपाय थरथरत होते, श्वास पुरत नव्हता. दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल आला. आता काही जणी म्हणतात तिला बाहेरचं झालंय, काही म्हणतात नाटक. आमचे मालक वाईट नाहीत. ते म्हणाले, "ताई, एखादा चांगला वक्ता बोलवा, टेन्शन कसं घालवायचं यावर व्याख्यान ठेवू, एक दिवस योगा ठेवू." कुणाला बोलवू ते सुचवा. दुसरं, आमच्याकडची एक मुलगी मानसोपचाराच्या गोळ्या घेते. तिने ते फक्त मला सांगितलंय. मालकांना सांगायला हवं का? आणि मी स्वतःही रात्री तीनला जागी होते आणि उद्याचे पीस मोजत पडून राहते.
– एक सुपरवायझर, सोलापूर

ताई,

वक्त्याचं नाव मी सुचवणार नाही. चांगलं बोलणारी माणसं सोलापुरात भरपूर आहेत, आणि तुमच्या मालकांना काहीतरी करावंसं वाटतंय ही मोठी जमेची बाजू आहे. पण तुमच्या पत्रातली एकही अडचण व्याख्यानाने सुटणारी नाही. तुम्हालाही ते कळलेलं आहे, असं पत्र वाचताना मला वाटलं. व्याख्यानाऐवजी काय करायचं आणि ते मालकांच्या गळी कसं उतरवायचं, त्याबद्दलच बोलू.

त्याआधी त्या रडलेल्या बाईंचं बघू, कारण ते थांबू शकत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो घाबरण्याचा झटका असावा. छाती धडधडते, श्वास अडकतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मी मरते की काय असं वाटतं. काही मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग हळूहळू ओसरतो. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे त्या वेळी त्यात हृदयाचा बिघाड दिसला नाही, एवढंच त्यातून कळतं. तिला काही झालंच नव्हतं, असं त्यातून निघत नाही. हा त्रास खरा असतो आणि उपचाराने तो चांगला आटोक्यात येतो. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, मानसोपचार विभाग आहे. तिथे दाखवायला त्यांना लाज वाटत असेल तर आधी १४४१६ या नंबरवर फोन करायला सांगा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा. ऑक्टोबर २०२२मध्ये ती सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

तुम्ही स्वतः त्यांच्याशी एकदा एकटीने बोला. ऑफिसात खुर्चीसमोर उभं करून नको, डबा खाऊन झाल्यावर बाजूला बसून बोला. "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य टाळा. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही, आणि ते ऐकलं की माणूस पुढचं बोलायचंच थांबतो. "त्या दिवशी काय झालं होतं? आता कसं वाटतं? कामातलं काय जड जातंय?" एवढं विचारा आणि गप्प राहून ऐका. बोलण्यात "आता जगण्यात काही अर्थ नाही" असा सूर लागला तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका. घरच्या भरवशाच्या माणसाला बोलावून घ्या आणि त्याच दिवशी सिव्हिलला न्या.

बाकीच्या बायकांमध्ये "नाटक" हा शब्द पुन्हा ऐकू आला तर तुम्ही तिथेच थांबवा. दोन वाक्यं पुरतात : "तिला त्रास झाला होता. उद्या तुला झाला तर मी तुलाही दवाखान्यात नेईन." बाहेरचं झालंय म्हणणाऱ्यांशी मात्र वाद घालू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, पण दवाखाना चुकवू देऊ नका.

आता कारखान्याकडे येते.

तुमच्याकडे दोन महिन्यांत चार जणी सोडून गेल्या, एक कोसळली आणि तुमची झोप गेली. म्हणजे एकाच जागी, एकाच हंगामात, सहा बायकांना काही ना काही झालं. सहाही जणींची मनं एकदम कमकुवत झाली असतील का? कामाच्या मांडणीतच कुठेतरी असं काही आहे जे माणसाला रोज थोडं थोडं पिळतंय, हे मानणं मला जास्त सरळ वाटतं. मापच चुकलेल्या शर्टाला कितीही इस्त्री केली तरी तो अंगाला बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. योग आणि व्याख्यान ही इस्त्री झाली. आपल्याला मापाकडे जायचंय.

माप कुठे चुकतं ते शोधायला मी तुमच्या दिवसापासून सुरुवात करीन. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, तोवर गणवेश दुकानात हवेत. शाळांची ऑर्डर उशिरा पक्की होते, कापड यायला उशीर होतो, आणि ते आलं की सगळं एकदम अंगावर येतं. हे मालकांच्याही हातात पूर्णपणे नाही. पण कारखान्याच्या आत काय होतं ते बघा. सकाळी बायका वेळेवर येतात तेव्हा कटिंग तयार असतं का? बऱ्याच ठिकाणी नसतं. कटिंग मास्तर रात्री उशिरापर्यंत थांबलेला असतो म्हणून सकाळी उशिरा येतो. बायका दोन तास हात बांधून बसतात. पीसवर काम असल्याने त्या दोन तासांची कमाई शून्य. मग दुपारी गठ्ठ्यावर गठ्ठे येऊन पडतात आणि संध्याकाळी फर्मान निघतं, "आज एवढे काढूनच जायचं." घरी मूल वाट बघतंय, शेअर रिक्षा मिळायची वेळ टळत चाललीय, आणि मानेमागे कुणीतरी उभं राहून मोजतंय. सकाळच्या बसून राहण्याचे पैसे नाहीत, संध्याकाळच्या धावपळीला नकार नाही. दोन्ही वेळा त्या बाईच्या हातात काहीही नसतं.

हे हातात नसणं फार महत्त्वाचं आहे. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९मध्ये हे मांडलं आणि त्यानंतर त्यावर जगभर अभ्यास झाले. नुसतं काम जास्त असल्याने माणूस जेवढा खचतो, त्याहून जास्त तो काम जास्त आणि त्यावर आपला ताबा काहीच नाही अशा ठिकाणी खचतो. ते कसं करायचं, केव्हा करायचं, कधी थांबायचं यात थोडं तरी बोलता येत असेल तर तेवढंच काम माणूस पेलतो. पुढे १९९६मध्ये जर्मनीच्या योहानेस सीग्रिस्ट यांनी दुसरी बाजू दाखवली. माणूस जेवढं झिजतो त्या मानाने मिळणारा मोबदला फार कमी पडला की शरीर आणि मन दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. मोबदला म्हणजे पैसे तर आलेच, पण मान मिळणं आणि उद्याही काम असेल याची खात्री हेही त्यात येतं.

या दुसऱ्या मुद्द्यावरून तुमच्याकडची अल्टरची पद्धत तपासा. पीस परत आला की शिवणारीच तो फुकटात उसवून पुन्हा शिवते ना? तिची शिवण वाकडी असेल तर एकवेळ समजू शकतं. पण कटिंगमध्येच कॉलर छोटी आलेली असेल, दोरा कच्चा असेल, ओव्हरलॉकच्या मशीनचं टायमिंग गेलेलं असेल, तरी उसवायचं तिनेच आणि बोलणी खायची तिनेच, असं होत असेल तर त्या बाईला घरी गेल्यावरही ते डाचत राहतं. अशा अन्यायाची रक्कम फार थोडी असते, पण तो रोज होतो आणि चारचौघींत होतो. चूक कुणाची हे चेकरने पीसवर लिहायचं, आणि चूक कटिंगची किंवा मशीनची असेल तर अल्टरचा वेगळा दर द्यायचा, एवढा नियम जरी झाला तरी वातावरण बदलेल.

उद्याच्या खात्रीचं तर सोलापुरात वेगळं सांगायला नको. लक्ष्मी-विष्णू मिल, जुनी मिल ज्या घरांनी बंद पडताना पाहिल्या, त्या घरांमधल्या कितीतरी मुली-सुना आज गारमेंटमध्ये आहेत. काम जाणं म्हणजे काय ते त्यांनी लहानपणी घरातच पाहिलंय. त्यामुळे "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको" हे वाक्य तुमच्या कारखान्यात कुणी रागाच्या भरात बोलत असेल, तर बोलणाऱ्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट खोल ते जाऊन रुततं. ते वाक्य पूर्ण बंद करायला लावा. हे तुमच्या अधिकारात आहे आणि याला पैसाही लागत नाही.

अर्थात हे सगळं मी दुरून सांगतेय. तुमच्याकडे नेमकं काय पिळतंय ते तुमच्या बायकाच सांगतील, आणि त्यांना विचारणं हेच पहिलं काम आहे. साठ जणींना एकत्र बसवून "काही अडचण आहे का?" विचारलंत तर सगळ्या मान हलवून नाही म्हणतील. चार-पाच जणींचे गट करा. मालक नकोत, ऑफिसचं कुणी नको. ही वेळ कामाच्या तासांतलीच हवी आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळायला हवेत, नाहीतर पीसवरची बाई घड्याळाकडेच बघत बसेल. ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांना तेलुगूत बोलू द्या, कानडी असेल तर कानडीत. मराठी सगळ्यांना येते, पण मनातलं दुखणं बाई आपल्या घरच्या भाषेत जास्त मोकळेपणाने सांगते. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर ज्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे अशा एखाद्या वयस्कर बाईंना सोबत घ्या.

प्रश्न साधे ठेवा. दिवसातल्या कुठल्या वेळी जीव घाबरा होतो? एकच गोष्ट बदलायची तर कुठली बदलाल? काही बोलायचं असेल तर इथे कुणाला सांगता येतं? नावं लिहू नका, फक्त मुद्दे लिहा. आणि एक पथ्य कडक पाळा : विचारल्यापासून आठवड्याच्या आत त्यातली एक तरी गोष्ट करून दाखवा, मग ती कितीही लहान असो. विचारून काहीच केलं नाही तर न विचारलेलं बरं होतं असं होतं, पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

काम सोडून गेलेल्या चौघींनाही फोन करा. परत या म्हणायला नको, फक्त का गेलात ते विचारायला. आता त्यांना कशाची भीती नाही, त्यामुळे सर्वांत खरं उत्तर बहुधा तिथेच मिळेल. आणि त्या उत्तरात एखाद्या पुरुषाचं नाव आलं, कुणाचं बोलणं, कुणाचा हात, तर तो विषय तणावाचा राहत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया आणि एक बाहेरची जाणकार व्यक्ती. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. तुमच्याकडे समिती नसेल तर मालकांना ती आधी नेमायला सांगा. ती नसणं हा मालकांसाठीही धोका आहे.

मला वाटतं, बोलायला बसलात की पहिल्याच दिवशी पाण्याचा विषय निघेल. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी आपल्या भागाची पाळी असते त्या दिवशी घरातल्या बाईला भरून ठेवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. त्या दिवशी ती तासभर उशिरा आली की गेटवर बोलणी, हजेरीला लाल शेरा, आणि दिवसभर धाकधूक. पाण्याच्या दिवशी तासभर उशीर चालेल, आधल्या दिवशी सांगायचं, असा नियम करता येतो. कुणाचं पाणी कधी हे तुम्ही आठवड्याच्या सुरुवातीलाच लिहून घेऊ शकता आणि लाईन तशी लावू शकता. कंपन्यांसाठीच्या कुठल्याही जाडजूड पुस्तकात हा उपाय सापडणार नाही, पण सोलापुरात मी तो पहिल्या पाचांत ठेवीन.

मग उकाडा निघेल. मे महिन्यात पारा ४३-४४वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये, इस्त्रीच्या टेबलाशेजारी काय होत असेल ते बाहेरच्या तापमानावरून कळायचं नाही. उकाड्याने चिडचिड वाढते, झोप उडते, चुका वाढतात. आणि संडास लांब किंवा घाण असेल, किंवा जायला विचारावं लागत असेल, तर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि आपण त्याला टेन्शन म्हणतो. इस्त्रीची टेबलं लाईनपासून दूर हलवणं, पत्र्यावर पांढरा रंग मारणं, संडासाला आतून नीट लागणारी कडी आणि सकाळ-दुपार सफाई : मनाचं आरोग्य असलं काही ऐकायला भारी वाटतं, पण कारखान्यात त्याची सुरुवात अनेकदा अशाच गोष्टींपासून होते.

हे मी मनाने सांगत नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी आयएसओ ४५००३ नावाचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक २०२१मध्ये आलं. ते सक्तीचं नाही, पण धोके कुठे शोधायचे ते त्यात चांगलं सांगितलंय. काम कसं आखलंय, माणसं एकमेकांशी कशी वागतात, आणि जागा व यंत्रं कशी आहेत, अशा तीन ठिकाणी बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही कामगारांना बरोबर घेऊन कामातलेच धोके कमी करण्याबद्दल सांगितलंय आणि देखरेख करणाऱ्यांना, म्हणजे तुमच्यासारख्यांना, प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात, असा त्या संघटनेचाच अंदाज आहे.

मालकांशी बोलताना हे आकडे वापरा, पण सुरुवात त्यांच्याच रजिस्टरवरून करा. परदेशातल्या अभ्यासापेक्षा स्वतःच्या वहीतले आकडे माणूस लवकर मानतो. तीन गोष्टी काढून न्या. सोडून गेलेल्या चौघींच्या जागी आलेल्या नव्या बायका रोज किती पीस काढतात आणि जुन्या किती काढायच्या. अल्टरला आलेले पीस दिवसाच्या कुठल्या वेळचे जास्त आहेत, सकाळचे की संध्याकाळी सहानंतरचे. आणि कटिंगची वाट बघण्यात रोज सरासरी किती वेळ जातो. माझा अंदाज आहे की संध्याकाळचे अल्टर बघून ते स्वतःच विचारात पडतील, कारण उशिरापर्यंत थांबवून काढलेल्या पीसमधले बरेच दुसऱ्या दिवशी उसवायला परत येत असणार. जादा वेळेचा हिशेबही तेव्हाच काढा. आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर, हा नियम १९४८च्या कारखाना कायद्यापासून चालत आलाय आणि पीसवर काम करणाऱ्यांनाही तो लागू होतो. हे त्यांना त्यांच्या अकाउंटंटकडून कळण्याआधी तुमच्याकडून नीट शब्दांत कळलेलं बरं.

ते पुन्हा व्याख्यानावर आले तर सांगा की यावर ब्रिटनमध्ये अभ्यास झालाय. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४मध्ये दोनशेहून अधिक संस्थांमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तणाव हाताळण्याचे वर्ग, मन शांत करण्याची अ‍ॅप, असल्या उपक्रमांत भाग घेतलेल्यांची स्थिती भाग न घेतलेल्यांपेक्षा चांगली आढळली नाही. समाजासाठी काही काम करायची संधी मिळालेल्यांमध्ये तेवढा थोडा फरक दिसला. योग वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला आवडतो त्याने जरूर करावा. पण दुपारी दोनच्या उकाड्यात, पीसचे पैसे बुडवून, सक्तीने केलेल्या योगाने कुणाला शांत वाटणार?

सगळं एकदम मागू नका. एक लाईन मागा. त्या लाईनला उद्याचं कटिंग आज संध्याकाळी तयार असेल. त्यासाठी कटिंग मास्तरची वेळ बदलावी लागेल आणि त्याच्याशी मालकांनीच बोलावं लागेल. कटिंग आलं नाही तर बसून राहिलेल्या वेळेचा ठरलेला दर मिळेल. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचं असेल तर दुपारी बारापर्यंत सांगितलं जाईल, आणि नाही म्हणणारीला दुसऱ्या दिवशी कमी काम देऊन शिक्षा होणार नाही. पावसाळ्यानंतर तुमच्याकडे काम जरा सैल असतं, तेव्हा सहा आठवडे हे करून बघायचं आणि मग दोन लाईनींचे पीस, अल्टर आणि खाडे शेजारी शेजारी ठेवायचे. पुढच्या एप्रिलमध्ये घाई होणारच आहे. तेव्हा शिकायला वेळ नसेल.

पीसचा दर वाढवणं तुमच्या हातात नाही, आणि दर कमी असेल तर वरच्या सगळ्या गोष्टी करूनही बायकांच्या डोक्यावरचा बचत गटाचा हप्ता हलका होणार नाही. हेही खरं आहे आणि ते मालकांसमोर एकदा स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. हंगाम संपला की कमाई निम्म्यावर येते, मग उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतलेली बाई पुढच्या हंगामात कशालाच नाही म्हणू शकत नाही. सोलापुरातले काही कारखाने शाळेच्या जोडीने हॉस्पिटल, हॉटेल, सिक्युरिटीचे गणवेश घेतात ते वर्षभर काम राहावं म्हणूनच. तुमच्या मालकांनी असा विचार केला तर तो धंद्याचा निर्णय असेल, पण माझ्या लेखी तो मनाच्या आरोग्याचाही असेल.

गोळ्या घेणाऱ्या मुलीबद्दल माझं उत्तर सरळ आहे : मालकांना सांगू नका. तिने ते तुम्हाला सांगितलंय, कारखान्याला नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केलंय. तुम्ही डॉक्टर नाही, पण तुमच्याकडे आलेली माहिती त्याच जातीची आहे. तिच्या लग्नाच्या गोष्टी चालू असतील, शेजारीण त्याच लाईनीत असेल, एक शब्द फिरला तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिला फक्त एवढं विचारा की कामात काही बदल हवाय का. काही गोळ्यांनी सुरुवातीला सकाळी सुस्ती येते. तसं असेल तर पहिले दोन तास तिला कटिंगच्या किंवा काजबटणाच्या मशीनवर न बसवता चेकिंगला किंवा पॅकिंगला बसवा. बाकीच्यांना कारण द्यायची गरज नाही, तुम्ही माणसं हलवतच असता. सिव्हिलला तारखेच्या दिवशी सुट्टी लागली तर ती "दवाखाना" म्हणून लिहा, पुढे काही नको. आणि बरं वाटायला लागलं म्हणून तिने मनानेच गोळ्या बंद करू नयेत, हे तेवढं तिला आवर्जून सांगा. आपल्याकडे ते फार होतं.

राहिलात तुम्ही. पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तेही शेवटी. वरून मालक आकडा मागतात, खालून बायका तोंडाकडे बघतात, आणि दोघांना बरं वाटेल असं उत्तर तुमच्याकडे नसतं. हे दोन्हीकडून दाबलं जाणं हासुद्धा कामातलाच एक धोका आहे, वर सांगितलेल्या मानकात तोही मोजलाय. मालकांकडे तुमच्यासाठी एक गोष्ट मागा : घाईची ऑर्डर घेण्याआधी त्यांनी तुम्हाला विचारायचं, आणि तुम्ही सांगितलेल्या तारखेच्या आतलं वचन गिऱ्हाईकाला द्यायचं नाही. लाईनीतली एखादी हुशार बाई हाताखाली तयार करा, म्हणजे आठवड्यातून एक संध्याकाळ तरी तुम्हाला वेळेवर निघता येईल. निघण्यापूर्वी उद्याचे पीस, उद्याचं कापड, कोण येणार नाही, हे सगळं एका कागदावर लिहून तो कारखान्यातच ड्रॉवरमध्ये ठेवून या. रात्री जाग आली आणि मोजणं सुरू झालं तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा, मोबाईल हातात घेऊ नका, डोळे जड झाले की परत जा.

असं दोन आठवड्यांहून जास्त दिवस चाललं असेल, आणि तुमच्या पत्रावरून ते बरेच दिवस चाललेलं दिसतं, तर डॉक्टरांकडे जा. हंगाम संपायची वाट बघू नका. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, या वयात दोन्हींमुळे झोप आणि मन बिघडू शकतं. आपल्या बायका डॉक्टरसमोर बसल्या की आधी पाठदुखी सांगतात, मग अ‍ॅसिडिटी, आणि झोपेचं सांगेपर्यंत पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला जातो. तुम्ही झोपेचं आधी सांगा.